पहिला खेळ कोप्यांपुढं

चि. सोनूस,


परवा फोन ठेवताना तू म्हणालीस, "मावशी, चाळिशी आली. आता कॅमेरा कुठं शिकत बसू?" मी नुसतं "बघू" म्हणाले. ते काही उत्तर नव्हतं. उत्तर सुचायला मला दोन दिवस लागले आणि ते फोनवर मावणारं नाही, म्हणून लिहितेय. नोकरी सांभाळून मनात भलतंच काही घेऊन फिरणाऱ्या तुझ्यासारख्या आणखीही मुली असतील, म्हणून तुला विचारून ते छापायलाही देतेय.

आधी जानेवारीतली ती संध्याकाळ. तू सर्वेक्षणाचे कागद घेऊन अंकुशनगरला आली होतीस. साखर कारखान्याचा हंगाम भरात होता. गव्हाणीपासून पार रस्त्यापर्यंत उसाच्या गाड्यांची रांग लागलेली, कॉलनीभर मळीचा वास. आपण दोघी गाडीसेंटरवर, ऊसतोड टोळ्यांच्या तळावर गेलो. कोप्यांपुढं चुली पेटल्या होत्या, बैल सोडलेले होते, बायका वाढ्यांचे भारे उतरवत होत्या. गोदावरीपलीकडून, बीड जिल्ह्यातून आलेली एक बाई तुझ्यापुढं दगडावर बसली. तू विचारत गेलीस. वय किती, लग्न कितव्या वर्षी, बाळंतपणं किती, गर्भाची पिशवी काढली का, कधी, कुणी काढायला सांगितली. तिनं सगळं सांगितलं. मुकादमाकडून उचल किती घेतली, खाड्याचे किती कापले, ऑपरेशननंतर कितव्या दिवशी मोळी डोक्यावर घेतली, तेही सांगितलं. तू लिहून घेतलंस. निघताना तिनं विचारलं, "ताई, हे लिवलेलं आमाला कोण वाचून दावणार?"

घरी येईपर्यंत तू बोलली नाहीस. जेवताना मात्र म्हणालीस की हा अहवाल इंग्रजीत होईल, पुण्यातल्या कार्यालयात जाईल, तिथून आणखी कुठं तरी जाईल, आणि त्या बाईला त्यातलं एक अक्षरही परत मिळणार नाही. आणि मग हळूच म्हणालीस, "याचा सिनेमा करावासा वाटतो."

सोनू, हाच प्रश्न चाळीस वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका बाईंना पडला होता. त्यांचं वय तेव्हा बेचाळीस होतं. त्यांनी कॅमेरा शिकलेला नव्हता, त्या कुठल्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या नव्हत्या, त्यांच्या घरात सिनेमावालं कुणी नव्हतं. त्या होत्या सुमित्रा भावे. तुला त्या 'कासव'च्या दिग्दर्शिका म्हणून ठाऊक आहेत. मला त्यांच्याबद्दल सांगायचंय ते 'कासव'च्या बरंच आधीचं आहे.

जन्म १२ जानेवारी १९४३, पुण्याचा. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत शिक्षण. दिल्लीच्या आकाशवाणीवर मराठी बातम्या वाचल्या, मग पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवलं. म्हणजे तुझ्याच वाटेवरच्या. सर्वेक्षणं, मुलाखती, वस्त्यांमधून फिरणं, टिपणं काढणं, हेच त्यांचं काम. ऐंशीच्या दशकात त्या 'स्त्रीवाणी' या प्रकल्पात दलित स्त्रियांच्या स्वप्रतिमेचा अभ्यास करत होत्या. म्हणजे ही बाई स्वतःकडं कशी बघते, स्वतःला काय समजते, याचा. त्या स्त्रियांनी आपली आयुष्यं त्यांना सांगितली. त्यांतल्या आठ जणींच्या कहाण्यांचं पुस्तकही पुढं निघालं. १९८८ साली आलेल्या त्या पुस्तकाचं नाव 'पॅन ऑन फायर', इंग्रजीत आणलं गेल ऑम्वेट यांनी. पुस्तक मोलाचंच आहे. पण ज्यांनी ते सांगितलं त्यांतल्या कितीकींना अक्षरओळखही नव्हती, आणि पुस्तक निघालं इंग्रजीत. मग ज्यांचं होतं त्यांच्याकडं ते परत न्यायचं कसं?

सुमित्राताईंनी त्यासाठी, पुस्तकाच्याही आधी, 'बाई' नावाचा लघुपट केला. साल १९८५. झोपडपट्टीत राहणारी, संसार एकटीच्या अंगावर पेलणारी एक बाई, तिची गोष्ट. वाचता न येणाऱ्या बाईलाही आपलं आयुष्य समोर बसून बघता यावं, त्यावर बोलता यावं, एवढाच हेतू होता. त्या सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दोनच वर्षांनी आलेल्या 'पाणी'लाही मिळाला. पण पुरस्कार बाजूला ठेव. अहवालाचा सिनेमा झाला तो वाचता न येणाऱ्या माणसासाठी, हे लक्षात ठेव. आपल्या कोपीवरच्या बाईनं तुला विचारलं त्याला सुमित्राताईंचं पहिलं काम हे सरळ उत्तर आहे.

'बाई'च्या वेळी त्यांच्यासोबत एक कोवळा पोरगा मदतीला होता, सुनील सुकथनकर. तो पुढं पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकून आला आणि मग त्या दोघांनी तीस वर्षांहून अधिक काळ मिळून काम केलं. बहुतेक कथा, पटकथा, संवाद सुमित्राताईंचे, गाणी बहुतेक सुनीलची, दिग्दर्शन दोघांचं. दोघांच्या वयात तेवीस वर्षांचं अंतर. तुला कॅमेरा येत नसेल तर ज्याला येतो असा कुणी शोध. त्याचं वय, त्याची जात, त्याचं गाव बघू नकोस. तो ऐकून घेणारा आहे का, एवढं बघ.

पन्नासहून अधिक लघुपट त्यांनी केले, पंधराच्या आसपास मोठे चित्रपट, मालिका वेगळ्या. त्यातलं सगळंच मी पाहिलंय असं नाही. जे पाहिलंय, तेवढ्यावरच बोलते.

'दोघी' मी दूरदर्शनवर पाहिला. १९९५ चा सिनेमा. दुष्काळी गावातल्या दोन बहिणी, गौरी आणि कृष्णा. रेणुका दफ्तरदार आणि सोनाली कुलकर्णी. गौरीच्या लग्नाच्या दिवशीच वऱ्हाडाला अपघात होतो, नवरा मुलगा जातो, बाप अंथरुणाला खिळतो. मग पोट भरायला मामासोबत गौरीला मुंबईला पाठवतात आणि तिथं ती विकली जाते. घर तिच्या पैशावर जगतं, आणि धाकटीच्या लग्नाला ती परत येते तेव्हा त्याच घराला तिचं तोंड बघवत नाही. उत्तरा बावकरांनी ती आई उभी केलीय. आई वाईट नाही, हेच पाहवत नाही. तिला लेक हवीय आणि तिला लेक नकोय, दोन्ही एकाच चेहऱ्यावर दिसतं. सिनेमा संपला तेव्हा आपल्या घरात कुणी बोललं नाही. तुझी आई उठून मागच्या दारी गेली. बऱ्याच वेळानं आली.

आपल्या भागातल्या माणसाला 'दोघी' वेगळा दिसतो. आपल्याकडं जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, अंकुशराव टोप्यांच्या पुढाकारानं समर्थ कारखाना उभा राहिला आणि त्यांच्या नावाचं हे अंकुशनगर वसलं. पाणी नदीच्या या काठाला आलं आणि पलीकडच्या डोंगरपट्ट्यातली माणसं दिवाळी झाली की बिऱ्हाड गाडीत घालून ऊस तोडायला निघू लागली, इथंही आणि पार कोल्हापूर-कर्नाटकापर्यंतही. दोन माणसांचा एक कोयता. म्हणून एकट्याला उचल अर्धी, म्हणून पोरीचं लग्न लवकर, म्हणून बाळंतपणं लवकर, म्हणून पिशवी लवकर. २०१९ साली राज्य सरकारच्या समितीनं बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर स्त्रियांची पाहणी केली, त्यांत १३ हजारांवर जणींची पिशवी काढलेली निघाली. तू हे आकडे माझ्यापेक्षा चांगले जाणतेस. पण ते ऐकून आपल्या कॉलनीतलं कुणी उठून मागच्या दारी गेल्याचं मी पाहिलं नाही. गौरीसाठी तुझी आई गेली.

'दहावी फ' हा माझ्या जिव्हाळ्याचा. मी साखरशाळेत, ऊसतोड्यांच्या पोरांना शिकवलंय. दिवाळीनंतर पोरं यायची, गुढीपाडव्याच्या आगेमागे हंगाम संपला की निघून जायची, आणि गावी परतल्यावर त्यांचं नाव पटावर असायचं पण पोरं चार महिने मागं पडलेली. त्यांना ढ म्हणायला सगळे तयार. 'दहावी फ'मध्ये तीच पोरं आहेत, शहरातल्या शाळेतली. हुशारांची तुकडी अ, उरलेल्यांची फ. रागानं ती प्रयोगशाळा फोडतात. त्यांचे सर, अतुल कुलकर्णी, त्यांना शिक्षा देऊन मोकळे होत नाहीत. मोडलंय ते तुमच्या कष्टानं उभं करा म्हणतात आणि पोरं कामं करून पैसे जमवतात. २००२ साली तो आला तेव्हा आमच्या शिक्षकांच्या बैठकीत त्यावर वाद झाला होता. काहींचं म्हणणं, असं खऱ्या शाळेत होत नसतं. मी तेव्हा म्हणाले होते की होत नाही, कारण आपण करत नाही. आजही तेच म्हणेन.

त्याच वर्षी 'वास्तुपुरुष'. पडत चाललेला वाडा, गेलेल्या जमिनी, आणि मुलानं डॉक्टर होऊन गरिबांचं काम करावं, पूर्वजांचं देणं फेडावं म्हणून हटून बसलेली आई. मोठा झालेला मुलगा केला नाटककार महेश एलकुंचवारांनी. हा त्यांचा सगळ्यांत बांधीव सिनेमा. पुढं 'देवराई' आला तो स्किझोफ्रेनियावर, 'नितळ' कोडावर. धुळ्याच्या वाणी प्रतिष्ठानाचा 'देवराई'ला आधार होता. आजाराबद्दल समाजात बोललं जावं म्हणून काढलेले हे सिनेमे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते, कारण तुला काम करायचंय. सुमित्राताईंच्या काही सिनेमांत माणसं फार बोलतात. जे दिसलं ते पुन्हा शब्दांत सांगतात. 'नितळ'मध्ये मला ते जाणवलं. वर्गात शिकवणाऱ्याला ही सवय जडते, पोरांना कळलं असेल ना या काळजीनं आपण तीनदा सांगतो. मला स्वतःला ती आहे, म्हणून ती मला लगेच दिसते. तू सर्वेक्षणातून येतेयस, तुझ्याकडं सांगायला पुष्कळ आहे. आपली कोपीवरची बाई मात्र ऑपरेशनबद्दल बोलताना चुलीतलं लाकूड मागं-पुढं करत होती. तेवढं दाखव.

दुसरा मुद्दा तू उपस्थित केलास, आणि तो अवघड आहे. तू म्हणालीस, "मी कॉलनीतली. माझ्या बापानं कारखान्यात नोकरी केली. मी कोपीत जन्मले नाही. त्यांची गोष्ट मी का सांगावी?" नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. 'फँड्री'तला जब्या त्यांना कुणाला विचारून लिहावा लागला नाही, ते आतलेच. तसं काम आतलाच माणूस करू शकतो, हे मी मान्य करते. कोपीत वाढलेली एखादी पोरगी उद्या कॅमेरा हातात घेईल आणि तुझ्या-माझ्या डोक्यात येणार नाही असं काही दाखवेल. ती येईल तेव्हा बाजूला हो. पण सुमित्रा भावे बाहेरच्याच होत्या. पुण्याच्या, शिकलेल्या, उच्च जातीतल्या. त्यांनी ते लपवलं नाही. त्या आधी वर्षानुवर्षं ऐकत बसल्या, मग लिहिलं, मग ऐकलेलं परत घेऊन गेल्या. बाहेरच्या माणसाला जायला एवढा एकच रस्ता आहे असं मला वाटतं, आणि तो लांबचा आहे. महिनाभर येऊन शूटिंग करून निघून जाणाऱ्यांचा तो नाही.

या ऐकण्याचं फळ मला 'अस्तु'मध्ये दिसतं. डॉ. मोहन आगाशे त्यात संस्कृतचे मोठे पंडित आहेत, आणि स्मृती गेलेल्या या म्हाताऱ्याला रस्त्यात हत्ती दिसतो. लहान मुलासारखे ते त्याच्या मागं चालत जातात. घरचे शोधतायत आणि म्हातारा पोचलाय माहुताच्या पालात. तिथं माहुताची बायको आहे, चन्नम्मा, कानडी बोलणारी, पदरात पोर असलेली, पोटाला जेमतेम असलेली. तिला पंडित म्हणजे काय, अल्झायमर म्हणजे काय, कशाचा पत्ता नाही. ती बघते आणि तिला कळतं की हे लेकरू आहे. मग ती त्याची आई होते. अमृता सुभाषनं ती चन्नम्मा केली आणि तिला सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. संवादांसाठी सुमित्राताईंनाही मिळाला. बघ, इथं संवाद किती थोडे आहेत. सगळं शास्त्र पाठ असलेल्या माणसाचं शास्त्र गळून पडलंय, आणि निरक्षर बाईला त्याच्याशी कसं वागायचं ते अचूक माहीत आहे. वस्त्यांमध्ये बायकांचं बोलणं पानंच्या पानं लिहून घेतलेल्या माणसालाच हे सुचू शकतं. 'बाई' केल्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी त्यांनी चन्नम्मा लिहिली. माझ्या मते त्यांचं सगळ्यांत मोठं काम हेच.

'कासव'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं, २०१७ साली जाहीर झालं. 'श्यामची आई', 'श्वास', 'देऊळ', 'कोर्ट' आणि मग 'कासव', मराठीला एवढ्याच वेळा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळालाय. सुमित्राताई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. सिनेमा चांगलाच आहे. जीव द्यायला निघालेल्या पोराला कुणी प्रश्न न विचारता आपल्या घरात ठेवून घेतं, समुद्राकाठी. पण तो तू पाहिलायस, म्हणून इथंच थांबते.

'दिठी'बद्दल मात्र लिहायलाच हवं. २०२१ च्या एप्रिलमध्ये, १९ तारखेला, पुण्यात सुमित्राताई गेल्या. कोरोनाचे दिवस. इथं कॉलनीत दर दोन दिवसांनी कुणाची तरी बातमी यायची. आपल्या घरातले नाना त्याच महिन्यात गेले, हे तुला मी सांगायला नको. कुणी भेटायला येऊ शकलं नाही, दहावा-तेरावा काही नीट झालं नाही. मे महिन्यात 'दिठी' मोबाइलवर आला. शेजारच्या पोरानं लावून दिला, मी उशीला मोबाइल टेकवून पाहिला.

दि. बा. मोकाशींची कथा आहे, 'आता आमोद सुनासि आले'. रामजी लोहार, किशोर कदम. त्याचा तरणा पोरगा पुरात वाहून गेलाय. इतकी वर्षं वारी केली, पोथी ऐकली, त्याचं काय झालं, हा त्याचा सवाल. पाऊस थांबत नाही. वारकरी मंडळी पोथी घेऊन बसलेली, ज्ञानेश्वरांचे शब्द चाललेत, आणि रामजीच्या कानावरून ते जातायत. मग गावात एक गाय अडते. अडलेली गाय सोडवणारा हात रामजीचाच. तो उठतो. गोठ्यात, कंदिलाच्या उजेडात, तो हात घालतो आणि वासरू बाहेर येतं. मी तेव्हा रडले नाही. नाना गेल्यापासून मला रडू येत नव्हतं. पण त्या रात्री बऱ्याच दिवसांनी झोप लागली. सकाळी उठून मी नानांचे चष्मे, काठी, घड्याळ कपाटात नीट लावून ठेवलं. तोवर ते जिथल्या तिथं पडलेलं होतं.

हा सिनेमा करणारी बाई तो घराघरांत पोचायच्या महिनाभर आधी गेली होती. त्या दिवसांत तो किती घरांत असा उशीला टेकवून पाहिला गेला असेल, ते त्यांना कळलं नाही. मला त्यांना पत्र लिहायचं होतं. ते राहून गेलं. तुला लिहितेय त्यात ते थोडंसं आहे.

आता तुझं. चाळिशीचं म्हणशील तर सुमित्राताईंनी बेचाळिसाव्या वर्षी सुरुवात केली आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी गेल्या. मधली छत्तीस वर्षं त्यांना मिळाली. तुझ्याकडं मोबाइल आहे, ज्याचा कॅमेरा त्यांच्या वेळी स्वप्नातही नव्हता. मुलाखतींचं बाड आहे. आणि ज्या बाईनं तुला तो प्रश्न विचारला ती जिवंत आहे, कोयता घेऊन पुन्हा येणार आहे.

नोकरी सोडू नकोस. तिथं तुला माणसं भेटतात. पहिला सिनेमा दहा मिनिटांचा कर. पिशवीवर लगेच जाऊ नकोस. पहाटे चारला उठून भाकरी करणाऱ्या बाईचा एक दिवस घे, सुरुवातीपासून ती आडवी होईपर्यंत. तिचं नाव, चेहरा दाखवायचा की नाही ते तिला विचारून ठरव, आणि तिच्या नवऱ्याला किंवा मुकादमाला विचारण्याआधी तिला विचार. तिची उचल अजून फिटलेली नसेल, तुझ्या सिनेमानं तिच्यावर काही बालंट येणार नाही ना ते आधी बघ. आल्यास तो सिनेमा पेटीत राहू दे.

आणि झाल्यावर तो कुठल्या महोत्सवाला पाठवण्याआधी इथं घेऊन ये. साखरशाळेतले माझे जुने विद्यार्थी आता बाप झालेत, दोघं-तिघं याच कारखान्यावर गाडी घेऊन येतात. त्यांना मी सांगून ठेवते. प्रोजेक्टर भाड्यानं शहागडला मिळतो का ते चौकशी करते, नाही तर अंबडहून आणू. गाडीसेंटरच्या मागं पत्र्याची भिंत आहे, तिच्यावर पांढरी चादर बांधता येते. चादर माझ्या घरची. नानांच्या लग्नातली डबलबेडची आहे, एकही डाग नाही.

बॉयलर पेटला की टोळ्या येतील. दिवाळीनंतर पहिल्या आठवड्यात तू ये.

तुझी,
मावशी
अंकुशनगर, ता. अंबड, जि. जालना